पार्श्वभूमी : खिडकीबाहेरची बाग आणि फ्लॉवर बेडचा हिशेब

घरच्या बागेचा विषय निघाला की हटकून कोकणातलं परस डोळ्यांपुढे येतं. पुढे तुळशीवृंदावन, मागे विहीर, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेलं अळू आणि केळी. त्याची लांबण इथे लावत नाही. एवढंच सांगायला हवं की ते परस वाटतं तितकं जुनं नाही. झेंडू, निशिगंध, गुलबक्षी, पांढरा चाफा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच्या काळात रुजलेली. सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडची. झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण आज कुणाला सुचणार नाही, पण साडेपाचशे वर्षांपूर्वी तो या मातीत नव्हता. बाहेरच्या रोपांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

परसात सजावट म्हणून वेगळं काही करावं लागत नसे. पंचांगच ते काम करून घेई. झेंडूचं बी आषाढात पडलं की दसऱ्याला फूल हाती येई. श्रावणात मंगळागौरीसाठी आणि भाद्रपदात गणपतीसाठी पत्री खुडली जाई, तीच पावसात माजलेल्या झुडपांची छाटणी. दिवाळीला अंगण चोपून सारवायचं, पोरांनी कोपऱ्यात किल्ला घालायचा आणि त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची, म्हणजे तीन-चार दिवसांत तटाखाली हिरवळ. तुळशीच्या लग्नाला वृंदावनावर गेरू आणि चुन्याचा हात, भोवती उसाचा मांडव. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडायचं, मग छाटणी, की फाल्गुनापासून कळ्या. चैत्रात गौर बसली की दारात चैत्रांगण.

शहरातल्या बंगल्यांच्या बागांवर मात्र साहेबाची छाप होती. मुंबईत राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, पुण्यात एम्प्रेस गार्डन आणि तिथलं दर जानेवारीचं पुष्पप्रदर्शन. हिरवळ, मेंदीचं कुंपण, क्रोटन, डेलिया आणि थंडीपुरती येणारी 'सीझनची फुलं' (पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी) हा सगळा त्या वळणाचा शौक. त्याला माळी लागे, पाणी लागे आणि मुळात बंगला लागे. चाळीत यातलं काही नव्हतं. तिथे गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेला डालड्याचा डबा आणि त्यात तुळस किंवा ओवा, एवढीच बाग. तरी कार्तिकात त्या डब्यालाही गेरू लागे.

खरा बदल फ्लॅटने केला. मालकी हक्काच्या सदनिकांचा राज्याचा कायदा १९६३ चा. पुढच्या दोन-तीन दशकांत पुण्यात डेक्कन आणि प्रभात रस्त्यावरचे बंगले गेले, मुंबईत उपनगरं भरली. जमिनीतली बाग तिथेच संपली. पण मातीची हौस संपली नाही, आणि ती बिल्डरांनी अचूक हेरली.

मुंबईची तेव्हाची विकास नियंत्रण नियमावली १९९१ ची. बेटावरच्या शहरात १.३३ आणि उपनगरांत १ एवढा मूळ चटई क्षेत्र निर्देशांक. म्हणजे भूखंड जेवढा, जेमतेम तेवढंच बांधकाम. या चौकटीत काही गोष्टी मोजल्या जात नसत. बाल्कनीला मर्यादित सूट होती आणि खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड तर हिशेबात धरलाच जात नसे. फुलझाडांसाठी ठेवलेल्या कठड्याला कोण मोजणार? कल्पना वाईट नव्हती. इमारतीच्या दर्शनी बाजूला हिरवा पट्टा येईल, ऊन थोडं अडेल, जमीन गमावलेल्या माणसाला दीड-दोन फूट तरी माती मिळेल.

प्रत्यक्षात काय झालं ते नव्वदीनंतर मुंबईत घर घेतलेल्या कुणालाही विचारा. मंजूर नकाशावर खोलीच्या बाहेर फ्लॉवर बेड, त्याच्या आत खिडकीची भिंत. ताबा मिळाला की ती भिंत काढायची, बेडवर फरशी घालायची, खिडकी बाहेरच्या कडेला न्यायची. पुष्कळ ठिकाणी बिल्डर हे काम आधीच करून देत असे. स्लॅब खोलीच्याच पातळीला ओतलेला असल्याने फरशीला उंचवटाही कळायचा नाही. हॉलला दोन फूट, बेडरूमला दोन फूट, स्वयंपाकघराला दीड, असं करत घरात एक छोटी खोली मावेल एवढी जागा वाढे. ती निर्देशांकात नव्हती, पण दरात होती. सुपर बिल्टअपच्या (जिना-लिफ्टचा वाटाही धरून केलेल्या मोजणीच्या) गुंतवळ्यात फुलांच्या कठड्याचा भाव दिवाणखान्याच्या भावाने लागत होता, आणि घेणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक होतं. नकाशावरची फुलं नकाशावरच राहिली.

ज्यांनी खरोखर झाडं लावली त्यांची वेगळीच परवड. फ्लॉवर बेडचा तळ बहुधा वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून सोडून दिलेला. पाणी जायला एक बारीक पाइप, तो पहिल्याच पावसात मातीने तुंबायचा. मग पाणी मुरत मुरत खालच्या घराच्या छताला डाग. जास्वंद लावली की मुळं सांध्यात शिरणार. पिंपळ तर न लावताच उगवतो. सोसायटीच्या सभांत फ्लॉवर बेडची गळती हा कायमचा विषय होता. वरचा म्हणे हे बांधकाम सामायिक, खर्च सोसायटीने करावा; सोसायटी म्हणे वापर तुझा, निस्तर तू. या भांडणांना कंटाळून कित्येकांनी माती उपसून टाकली आणि बेड आत घेतला. नियम मोडणाऱ्याचं घर मोठं झालं आणि पाळणाऱ्याच्या वाट्याला शेजाऱ्याशी वैर आलं, असा हा न्याय.

जानेवारी २०१२ मध्ये नियमावली बदलली. फ्लॉवर बेड, बाल्कनी, पोकळ्या, कोनाडे हे सगळं निर्देशांकात मोजायचं ठरलं, आणि भरपाई म्हणून 'फंजिबल' निर्देशांक आला. निवासी इमारतींना ३५ टक्के, व्यापारी आणि औद्योगिक इमारतींना २० टक्के जादा बांधकाम, अधिमूल्य (प्रीमियम) भरून. पुनर्विकासात जुन्या रहिवाशांच्या वाट्याच्या क्षेत्राला अधिमूल्यातून सूट मिळाली. या निर्णयावर अजून दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, पूर्वी फुकट जाणाऱ्या जागेचे पैसे निदान पालिकेच्या तिजोरीत येऊ लागले, आणि मंजुरी देणाऱ्या टेबलावरची घासाघीस कमी झाली. दुसऱ्या बाजूचं, घरं महागली. दोन्हींत तथ्य आहे. पण या साऱ्या वादात झाडांचं नाव कुणी घेतलं नाही. फ्लॉवर बेड मोजला जाऊ लागताच तो नकाशांतून उठला. जी जागा विकत घेऊनच बांधायची, तिथे बिल्डर माती कशाला ठेवेल? गैरवापर थांबवायला जो उपाय केला त्याने वापरही थांबला. माती ठेवली तरच सूट, अशी तपासण्याजोगी अट तेव्हा घालता आली असती, असं मला आजही वाटतं.

पुण्याने वेगळी वाट धरली होती. तिथे घराला जोडलेल्या उघड्या टेरेसला सवलत होती, मात्र वर आकाश किंवा निदान दोन मजल्यांची उंची हवी. म्हणून एका मजल्याचं टेरेस डावीकडे, त्याच्यावरच्याचं उजवीकडे, अशी पुण्याच्या इमारतींची ती ओळखीची ठेवण. दोन मजल्यांच्या उंचीमुळे ऊन पोचे, पाऊस पोचे. गुलाब, लिंबू, कढीपत्ता, डब्यातला सोनचाफा पुण्यात घरोघरी टिकला तो त्यामुळे. पुणेकर याचं श्रेय हवेला आणि स्वतःला देतात, ते अर्धंच खरं. अर्थात तिथेही पत्रे आणि सरकत्या काचा आल्याच. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास साऱ्या राज्याला एकत्रित नियमावली लागू झाली आणि बाल्कनी-टेरेसचा हिशेब तिथेही बदलला.

राहिली इमारतीची वरची गच्ची. ती सर्वांची, म्हणून भांडणाचीही. सोसायटीच्या समित्या 'लोड येतो' म्हणून नकार देतात तेव्हा त्यांना खडूस ठरवण्याची पद्धत आहे, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. वावराची गच्ची साधारण दर चौरस मीटरला १५० किलो भाराच्या हिशेबाने बांधतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास जातो. म्हणूनच मुंबईतल्या गच्चीवरच्या बागांनी मातीला फाटा दिला. उसाचं चिपाड, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचे थर आणि वर चवीपुरती माती, अशी रीत नव्वदच्या दशकात इथे रुजली. बंदरावरच्या कामगारांच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर साधारण २००२ पासून याच पद्धतीने फळझाडं आणि भाज्या होत आल्या आहेत. नारळाच्या भुशाची दाबलेली वीट आज कुठल्याही नर्सरीत मिळते. बादलीभर पाण्यात ती तासाभरात फुगते, कडेने बोटाने मोकळी होते आणि दोन-तीन कुंड्या सहज भरते. मुळांना हवा मिळते, पण या भुशात अन्न जवळपास नसतं, हे विकणारा सांगत नाही. कंपोस्ट मिसळलं नाही तर महिन्याभरात पानं पिवळी.

कंपोस्टमागेही कायदाच आहे. घनकचऱ्याचे केंद्राचे नियम २००० मध्ये आले, २०१६ मध्ये नवे. मुंबईत २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना २ ऑक्टोबर २०१७ पासून ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं गेलं. पुण्यात गांडूळखतासारख्या व्यवस्थेला मालमत्ता करात सवलत आहे. खत तयार होऊ लागलं, मग ते घालायचं कुठे म्हणून कुंड्या वाढल्या, असं उलटं गणित अनेक सोसायट्यांत झालं. २०२० च्या टाळेबंदीत तर पुदिना आणि मेथी खिडकीत लावली नाही असं घर विरळा.

सणांची सजावट या सगळ्यामागून फरफटत आली. किल्ला पार्किंगच्या कोपऱ्यात गेला, चैत्रांगण फरशीवर स्टिकरने उमटू लागलं, तुळशीचं लग्न खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये लागतं आणि ऊस तिथे आडवा ठेवावा लागतो. त्या ग्रिलवरही दर मे महिन्यात सोसायटीची नोटीस येते : पावसाळ्यापूर्वी कुंड्या आत घ्याव्यात. नोटीस रास्त आहे. सातव्या मजल्यावरून पडलेली कुंडी कुणाच्या हौसेची, हे खालच्या माणसाला विचारता येत नाही.

नव्वदीतल्या त्या इमारती आता तिशी ओलांडत आहेत. स्ट्रक्चरल ऑडिट सुरू झाली आहेत, पाठोपाठ पुनर्विकासाची बोलणी. मोजणीला आलेला सर्वेक्षक टेप लावतो आणि वाद तिथेच पेटतो : आत घेतलेला फ्लॉवर बेड सभासदाच्या चटई क्षेत्रात धरायचा की नाही? सभासद म्हणतो, मी पैसे मोजलेत, पंचवीस वर्षं तिथे सोफा आहे. बिल्डर मंजूर नकाशा पुढे करतो, त्यात तिथे झाडं दाखवलेली आहेत. ज्याने बेड कधी आत घेतलाच नाही आणि अजून मोगरा वाढवतो आहे, त्याचं क्षेत्र या बैठकांत सगळ्यात कमी भरतं.