स्लाइडशो व्हिडिओ : फॉरमॅट, प्लेबॅक आणि रेंडरिंगचा दर्जा

स्लाइडशो व्हिडिओ म्हणजे स्थिर छायाचित्रे, क्वचित एखादी छोटी क्लिप, शीर्षके आणि संगीत एकत्र गुंफून संगणकावर तयार केलेली व्हिडिओ फाइल. मुंबईत साखरपुडा, लग्न, साठीशांत, शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणेशोत्सव, श्रद्धांजली सभा यांपैकी काहीही असो, ती कुठल्या ना कुठल्या पडद्यावर दिसतेच. हे काम घरातला एखादा हौशी भाचा करतो, नाहीतर लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग करणाऱ्याकडे जाते. दोघांचीही तक्रार एकच असते : संगणकावर छान दिसत होते, हॉलमध्ये बिघडले. याचे कारण सॉफ्टवेअरमधला प्रिव्ह्यू, रेंडर झालेली (म्हणजे सॉफ्टवेअरने शेवटी तयार करून दिलेली) फाइल आणि पडद्यावरचे चित्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल कशी रेंडर करायची हे पडदा पाहून ठरवायचे असते, पण बहुतेक जण सॉफ्टवेअरमधला सर्वांत मोठा आकडा निवडून मोकळे होतात.

पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवून गोष्ट रंगवण्याची हौस या भागात जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले होते. घरगुती स्लाइडशो मात्र सीडी-डीव्हीडीच्या काळात फोफावला. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ × २८८ पिक्सेलचे, तर भारतात चालणाऱ्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवरचे ७२० × ५७६ पिक्सेलचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे. अशा तबकड्या अजून अनेक कपाटांत आहेत. त्यांतले चित्र ताणून मोठे केल्याने तपशील परत येत नाही. आल्बममधला मूळ फोटो शोधून पुन्हा स्कॅन करणे केव्हाही बरे. ६ × ४ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केला, की १८०० × १२०० पिक्सेल मिळतात आणि फुल एचडीला (१९२० × १०८०) ते जवळपास पुरतात. झूम करायचा असेल तर ६०० डीपीआय घ्यावा.

एमपी४, एमओव्ही, एव्हीआय ही नावे वेष्टनाची आहेत. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे फाइल लहान करण्याच्या कोणत्या पद्धतीने, दाबले आहे, हे त्यावरून कळत नाही. ‘एमपी४ दिली होती तरी टीव्हीवर चालली नाही’ या गोंधळाचे मूळ इथेच आहे. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक आज जवळपास सगळीकडे चालतो. २०१३चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढाच दर्जा साधारण निम्म्या बिटरेटमध्ये (दर सेकंदाला खर्च होणाऱ्या माहितीत) देतो, पण जुन्या टीव्हीच्या यूएसबी पोर्टला तो उलगडत नाही आणि विंडोजमध्येही त्यासाठी कधी वेगळा एक्स्टेन्शन टाकावा लागतो. परक्या हॉलमध्ये चालवायच्या फाइलसाठी एच.२६४, आठ बिट रंग आणि एएसी ध्वनी असलेली एमपी४ यापलीकडे हौस करू नये. आयफोन २०१७पासून एचईव्हीसीमध्ये चित्रण करू शकतात, शिवाय फोनच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग कमीजास्त होत असतो. अशी क्लिप तशीच टाइमलाइनवर टाकली, की आजोबांचे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. ती आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावी लागते.

स्लाइडशोची खरी परीक्षा हालचालीत होते. फोटो पडद्यावर स्थिर असतो, डोळ्याला तो निरखायला वेळ मिळतो, म्हणून चित्रपटात खपून जाणारे दोष इथे उघडे पडतात. समजा, १९२० पिक्सेल रुंदीचा फोटो ८ सेकंदांत ५ टक्के झूम केला. दोन्ही कडा मिळून ९६, म्हणजे प्रत्येक कड ४८ पिक्सेल सरकते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर २४० फ्रेममध्ये ४८ पिक्सेल, म्हणजे दर फ्रेमला एक पंचमांश पिक्सेल. सॉफ्टवेअर चित्राची जागा पूर्ण पिक्सेलवर आणून ठेवत असेल, तर चार फ्रेम काहीच हलत नाही आणि पाचव्या फ्रेमला टुणकन उडी बसते. पडद्यावर फोटो थरथरतो. चांगली सॉफ्टवेअर पिक्सेलच्या आतली जागाही हिशेबात धरून चित्र मोजतात. तशी सोय नसेल तर प्रकल्प ४केमध्ये रेंडर करून मग फुल एचडीला उतरवल्यास थरथर बरीच कमी होते.

पैठणीच्या काठाचा आणि बारीक चौकड्यांच्या शर्टाचा त्रास वेगळा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो आणि फुल एचडीच्या चौकटीत तो जवळपास एक तृतीयांशावर येतो. आकार कमी करताना बारीक तपशील आधी नीट गाळला नाही, तर जरीत लाटांसारख्या खोट्या रेषा उमटतात आणि झूम चालू असताना त्या वळवळतात. सॉफ्टवेअरमध्ये रीसॅम्पलिंगचा दर्जा निवडता येत असेल, तर वेळ लागला तरी सर्वांत चांगला निवडावा.

फ्रेमरेटबाबत मुंबईतल्या मिक्सिंगवाल्यांचा २५चा आग्रह पालच्या काळातला. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांखाली चित्रण करताना लुकलुक टाळायला त्याला आजही अर्थ आहे. नुसत्या फोटोंच्या स्लाइडशोला मात्र ते कारण लागू पडत नाही. लॅपटॉपचा पडदा सहसा ६० हर्ट्झवर चालतो आणि ६०ला २५ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात आणि संथ पॅन अडखळतो. ३० किंवा ६० हाच इथे सरळ पर्याय आहे.

कोडेकच्या दृष्टीने स्थिर फोटो म्हणजे सोपे काम : एकदा पूर्ण फ्रेम साठवायची, पुढे फक्त बदल नोंदवायचे. क्रॉसफेडमध्ये, म्हणजे एक फोटो विरत दुसरा उमटताना, उलट होते. प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलतो आणि बिटरेट अपुरा असेल तर चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. ठरावीक बिटरेट दिला तर तो स्थिर भागात वाया जातो आणि क्रॉसफेडमध्ये तुटपुंजा पडतो, म्हणून दर्जावर आधारित किंवा दोन फेऱ्यांचे व्हेरिएबल एन्कोडिंग या कामाला योग्य. एच.२६४ फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दर्जाचा मूलभूत आकडा २३ असतो. आकडा कमी तितका दर्जा चांगला, आणि १८च्या आसपास मूळ चित्राशी फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही. जुन्या कृष्णधवल फोटोतला दाणा हळूहळू पुसट होतो आणि पुढच्या पूर्ण फ्रेमला अचानक परततो, ही धडधडही बिटरेट वाढवल्यावर शमते. ग्राफिक्स कार्डावरचे एन्कोडिंग झटपट होते, पण कमी बिटरेटला, विशेषतः जुन्या कार्डांवर, त्याचा दर्जा मागे पडतो. दहा मिनिटांच्या स्लाइडशोसाठी प्रोसेसरलाच काम देऊन जेवायला जावे.

रंगांचे दोन घोटाळे नेहमीचे. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या ० ते २५५, तर व्हिडिओत सहसा १६ ते २३५. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात याची गफलत झाली, की चित्र धुतल्यासारखे फिके पडते किंवा काळे केस एकसंध डाग होतात. शिवाय सर्वसाधारण व्हिडिओत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे म्हणूनच पिंजल्यासारखी दिसतात. पत्रिकेत लाल कितीही शोभला, तरी शीर्षक पांढरे किंवा फिकट पिवळे ठेवावे. मरीन ड्राइव्हवरच्या प्री-वेडिंग फोटोत संध्याकाळच्या आकाशाला पट्टे पडतात, तो आठ बिट रंगाचा परिणाम. त्यात किंचित दाणा मिसळला की पट्टे लपतात.

देवनागरी शीर्षकांचा जाच वेगळाच. जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठीतले जोडाक्षर नीट मांडता येत नाही. ‘चिन्मय’मधली पहिली वेलांटी भलत्या जागी जाते, रफार सुटून पडतो. त्यामुळे श्रीलिपीसारखे युनिकोडपूर्वीचे जुने फॉन्ट या धंद्यात अजून टिकून आहेत. शीर्षक वेगळ्या प्रोग्राममध्ये तयार करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून टाकणे हा बिनघोर मार्ग. ते कडेपासून आतच ठेवावे, कारण काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात.

दादर-गिरगाव-पार्ल्याच्या हॉलमध्ये आता प्रोजेक्टरच्या जागी भाड्याची एलईडी वॉल लागते. तिचे सहसा ५०० मिलिमीटरचे चौकोनी खण असतात आणि ३.९१ मिलिमीटर पिचच्या (दोन पिक्सेलमधल्या अंतराच्या) खणात १२८ × १२८ पिक्सेल बसतात. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भिंतीत असे आठ गुणिले पाच खण, म्हणजे एकूण १०२४ × ६४० पिक्सेल. ४केमध्ये रेंडर केलेली फाइल तिथे त्या आकारात दाबली जाते आणि वर जुना लॅपटॉप ती चालवताना अडकतो. वॉल लावणाऱ्याला पिच आणि माप विचारून फुल एचडी नेणे शहाणपणाचे. सेकंदाला १२ मेगाबिट बिटरेटला दहा मिनिटांची फाइल साधारण ९०० मेगाबाइटची होते, त्यामुळे फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हची एका फाइलसाठीची चार गिगाबाइटची मर्यादा इथे आड येत नाही. संपूर्ण लग्नाच्या फिल्मला ती येते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. यूट्यूबही स्वतः नव्याने एन्कोड करते. ३० फ्रेमच्या फुल एचडीसाठी ते ८ मेगाबिटची शिफारस करते.

सॉफ्टवेअर मात्र येतात-जातात. विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७मध्ये मागे घेतला गेला. स्लाइडशोवाल्यांचा लाडका प्रोशो बनवणारी फोटोडेक्स कंपनी जानेवारी २०२०मध्ये बंद झाली. प्रोशोचे प्रकल्प दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाने एमपी४सोबत मूळ फोटो आणि गाण्यांची फोल्डरही मागून घ्यावी.