मॉडेल इंजिनाच्या पोटातलं पितळ

मॉडेल रेल्वेच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के हुबेहूब’ असं वाचलं की मला हिशेब मांडावासा वाटतो. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घ्या. आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा, १९६४ पासून बांधणी वाराणसीत, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. पुणे आणि कल्याणच्या डिझेल शेडमुळे महाराष्ट्रात कित्येकांना त्याचा आवाज पाठ आहे. ‘एचओ’ म्हणजे १:८७ या प्रमाणात सतरा मीटरचं हे धूड वीस सेंटिमीटरच्या आत मावतं. रंग, रेलिंग, जाळ्या, सगळं उतरवता येतं. रुळांपाशी मात्र गणित फसतं. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं आणि आपल्या ब्रॉडगेजला याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून जास्त लागतं.

खरी तफावत तर डोळ्यांना दिसतच नाही. लांबी ८७ पटींनी घटली की वस्तुमान ८७ च्या घनाने घटतं, म्हणजे ११३ टनांचे उरतात साधारण १७० ग्रॅम. ताशी १०० किलोमीटरचा वेग होतो सेकंदाला ३२ सेंटिमीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे ५०० कोटी पटींनी खाली येते! घर्षण फक्त वजनाच्या प्रमाणात कमी होतं. त्यामुळे खरं इंजिन शक्ती बंद केल्यावरही लांबवर धावत राहतं, तर मॉडेलला थांबायला रुळावरचा धुळीचा कणही पुरतो. वीज रुळांतूनच चाकांवाटे येते ना!

यावरचा उपाय मला फार आवडतो. वरचं कवच काढा. मधोमध मोटर आणि तिच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पितळेची जाड चकती दिसेल. हेच फ्लायव्हील, फिरता फिरता ऊर्जा साठवून ठेवणारं जड चाक. ते चाकांवर न बसवता मोटरवर का? कारण पुढे वर्म गिअर आहे; वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, जो दातेरी चाक फिरवतो. वर्म चाकांना फिरवतो, पण चाकं सहसा वर्मला फिरवू शकत नाहीत. मोटर थांबली की चाकं जागीच अडकतात आणि गाडीचं स्वतःचं जडत्व वाया जातं. म्हणून साठा वर्मच्या अलीकडेच हवा.

दुसरा फायदा वेगाचा. चाकाचा व्यास साडेबारा मिलिमीटर, म्हणजे वरच्या वेगाला मिनिटाला सुमारे ४९० फेरे. गिअर १५:१ धरला तर मोटरचे होतात ७३०० च्या आसपास. दोन्ही चकत्या मिळून २० ग्रॅम आणि त्रिज्या ७ मिलिमीटर धरली, तर जडत्व आघूर्ण (फिरण्याच्या बाबतीतलं जडत्व) गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, भागिले दोन, उत्तर ०.१४ ज्यूल. बाजारातलं मॉडेल जड असतं, पण ४०० ग्रॅमच्या अख्ख्या इंजिनाची पुढे धावण्याची ऊर्जा भरते जेमतेम ०.०२ ज्यूल. वीस ग्रॅम पितळ पूर्ण इंजिनाच्या सातपट ऊर्जा बाळगून असतं!

‘फ्लायव्हीलवर फुकट वीज’ दाखवणारे व्हिडिओ मात्र निखालस फसवे. फ्लायव्हील ऊर्जा साठवतं, निर्माण करत नाही. या ०.१४ ज्यूलमधला कणन् कण मोटरने आधी रुळांतून घेतलेला असतो.

मंद चालीत हा साठा झपाट्याने आटतो. वेग पाचवा हिस्सा झाला की ऊर्जा पंचविसावा हिस्सा. म्हणून स्टेशनात हळूहळू शिरणारी गाडीच सांध्यावर अडखळते. डिजिटल नियंत्रणाच्या मॉडेलमध्ये क्षणभर वीज गेली तर आवाज आणि दिवेही बंद पडू शकतात. त्यासाठी आता फ्लायव्हीलच्या जोडीला थोडी वीज साठवणारा कपॅसिटर बसवतात.