एला आणि कोल पोर्टर: स्टँडर्ड्सचा अल्बम आला कुठून?

जॅझ गाणारी कुठलीही गायिका घ्या, चार-पाच अल्बम झाले की एक जुन्या स्टँडर्ड्सचा येतोच. पियानो, ब्रशने वाजवलेले ड्रम्स, मागे हलके व्हायोलिन्स आणि तीच गाणी जी लोक ऐंशी-नव्वद वर्षं गातायत. हॉटेलच्या लाउंजमधे, कॅफेत हेच लावलेलं असतं म्हणून सगळे त्याला लाउंज म्युझिक म्हणून मोकळे होतात आणि गप्पा मारत बसतात. मला ते खरंच मनाला लागतं, कारण या प्रकारच्या अल्बमचा जो नमुना आहे, एला फिट्झगेराल्डचा १९५६ चा कोल पोर्टर साँग बुक, तो गप्पांच्या मागे वाजण्यासाठी केलेलाच नाहीये.

आधी स्टँडर्ड म्हणजे काय ते बघू. यातली बरीचशी गाणी १९२० ते १९५० च्या दरम्यान न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी नाहीतर हॉलिवूडच्या सिनेमांसाठी लिहिलेली. म्हणजे आपल्या नाट्यपदांचं झालं तेच. मानापमानची गोष्ट आज किती जणांना धड सांगता येईल, पण पदं मैफलीत अजून रंगतात आणि प्रत्येक गवई ती आपल्या पद्धतीने वाढवतो. 'नाइट अँड डे' हे १९३२ च्या 'गे डिव्होर्स' नावाच्या नाटकातलं, फ्रेड अस्टेअरने गायलेलं. ते नाटक आज कोणाला आठवत नाही, गाणं सगळ्यांच्या तोंडी. या गाण्यांचा साचाही बहुतेक ठरलेला, आठ-आठ बारचे (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप) चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळ्या चालीचा, बत्तीस बार झाले की एक आवर्तन पूर्ण, आणि मग वाजवणारे त्याच बत्तीस बारवर आपापलं काहीतरी रचत राहतात.

कोल पोर्टर ही गाणी रचणाऱ्यांमधला वेगळा, कारण शब्द आणि चाल दोन्ही त्याचंच. साचा मोडायचीही त्याला भीती नव्हती, 'बिगिन द बिगीन' हे गाणं १०८ बारचं आहे. १९३७ मधे घोड्यावरून पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले, पुढे कित्येक ऑपरेशन्स झाली, तरी १९४८ ला त्याने 'किस मी, केट' सारखं नाटक दिलं.

त्याच १९४८ मधे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली आणि माझ्या मते या सगळ्याचं खरं मूळ तिथे आहे. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटांचं एक गाणं मावायचं. एलपीवर एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागल्यावर एकाच संगीतकाराची गाणी सलग ऐकवता येतील हे शक्य झालं.

आता एला. जन्म १९१७ चा, लहानपण न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समधे, आई लवकर गेली, काही काळ अक्षरशः रस्त्यावर काढला. १९३४ ला हार्लेमच्या अपोलो थिएटरमधे हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली होती, पण तिच्या आधी दोन बहिणी इतक्या भारी नाचल्या की हिने ऐनवेळी गायचं ठरवलं आणि जिंकली. मग ड्रमर चिक वेबचा बँड, १९३८ मधे 'अ-टिस्केट, अ-टास्केट' प्रचंड गाजलं. पुढे बीबॉप, म्हणजे वेगवान आणि गुंतागुंतीचं जॅझ, आलं आणि ती स्कॅटमधे, म्हणजे शब्दांशिवाय नुसत्या अक्षरांवर ताना घ्याव्यात तशा गाण्यात, इतकी तरबेज झाली की नंतर तिनेच म्हटलं की मी नुसतं बीबॉपच गात होते, शेवटी मला गायला जागाच राहिली नव्हती.

इथे नॉर्मन ग्रँझ येतो. हा तिचा मॅनेजर, 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक' नावाचे दौरे काढायचा आणि गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवायला साफ नकार द्यायचा. ऑक्टोबर १९५५ मधे ह्युस्टनला याच हट्टापायी पोलीस थेट ड्रेसिंग रूममधे घुसले, फासे खेळत होते म्हणून काही वादकांना पकडलं आणि बाजूला पाय (pie, गोड पदार्थ) खात बसलेल्या एलालाही घेऊन गेले. चौकीवर त्या पोलिसांतल्याच एकाने तिची सही मागितली! हे वाचलं की अजून संताप होतो.

तिचा करार डेका या रेकॉर्ड कंपनीकडे अडकलेला होता. योगायोग असा की डेकाला बँडवाला बेनी गुडमन याच्यावरच्या सिनेमाचं संगीत काढायचं होतं आणि त्यातले काही वादक ग्रँझच्या करारात होते. त्याने ते सोडले, बदल्यात एलाला सोडवून घेतलं, आणि व्हर्व नावाची नवी कंपनीच उभी केली. पहिलं मोठं काम हे, पोर्टरची ३२ गाणी, दोन एलपी. १९५६ च्या फेब्रुवारी-मार्चमधे रेकॉर्डिंग झालं, अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते बांधणारा, होता बडी ब्रेगमन, वय वर्षं फक्त २५.

मी लोकांना यातलं 'एव्हरी टाइम वुई से गुडबाय' ऐकायला सांगते. शेवटाकडे एक ओळ आहे जिच्यात मेजरचं मायनर होण्याबद्दलच शब्द आहेत आणि पोर्टरने नेमकं त्या शब्दाला खालची कॉर्ड मेजरची मायनर केलीये, आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे शुद्ध धैवताचा कोमल होतो. दुसरी कोणी असती तर त्या जागी आवाज कापवला असता, उसासा टाकला असता. एला काही म्हणजे काही करत नाही, सरळ सूर लावते, शब्द स्वच्छ ठेवते आणि निरोपाचं सगळं दुःख त्या एका स्वराच्या उतरण्यावर सोडून देते. स्कॅटसाठी नावाजलेली बाई इथे चालीला जवळजवळ हात लावत नाही. शिवाय गाण्याआधीचं प्रास्ताविक कडवं, जे बहुतेक गायक गाळून टाकायचे, ते ती बऱ्याच गाण्यांत गाते, त्यामुळे गाण्यात कोण कोणाशी काय बोलतंय ते कळतं, नाटकातला धागा परत हाताला लागतो.

अल्बम जोरात चालला आणि मग एकेका गाणी रचणाऱ्याच्या साँग बुकची रांगच लागली, रॉजर्स-हार्ट, एलिंग्टन, बर्लिन, पाच एलपींचा गर्श्विन संच, अर्लेन, कर्न आणि १९६४ ला मर्सर. १९५९ च्या पहिल्यावहिल्या ग्रॅमीत तिला दोन मिळाले, एक बर्लिनसाठी आणि एक एलिंग्टनसाठी. गर्श्विन संचातल्या गाण्यांचा गीतकार आयरा गर्श्विन म्हणाला होता की एलाच्या तोंडून ऐकेपर्यंत आपली गाणी इतकी चांगली आहेत हे आपल्यालाच माहीत नव्हतं.

ही गाणी 'क्लासिक' म्हणून एका कपाटात लागली ती या आठ संचांमुळे, असं मला ठाम वाटतं, आधी ती नुसती जुनी हिट गाणी होती. १९८३ मधे लिंडा रॉन्स्टॅड या रॉक गायिकेने स्टँडर्ड्सचा अल्बम काढला, त्यासाठी तिने अरेंजर म्हणून कोणाला गाठावं, तर नेल्सन रिडलला, ज्याने एलाचा तो पाच एलपींचा गर्श्विन संच बांधला होता.