हिरोशिमा टोयो कार्प

हिरोशिमा टोयो कार्प : जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमधील सेंट्रल लीगचा संघ. स्थापना 1949च्या अखेरीस, पहिला हंगाम 1950. सेंट्रल लीगची नऊ विजेतेपदे (1975, 1979, 1980, 1984, 1986, 1991, 2016, 2017, 2018) आणि त्यांपैकी तीन वर्षी (1979, 1980, 1984) दोन लीगच्या विजेत्यांमध्ये होणारी जपान सिरीजही जिंकली. आकड्यांत हा जपानचा सर्वांत यशस्वी संघ नाही, टोकियोच्या योमिउरी जायंट्सच्या तर जवळपासही नाही. त्याची ओळख वेगळ्याच गोष्टीत आहे. जपानी संघांच्या नावात सहसा मालक कंपनी पुढे असते. वृत्तपत्रे, रेल्वे कंपन्या, खाद्यपदार्थांचे कारखाने आपापले संघ चालवतात. कार्प जन्मला तेव्हा त्याला असा धनी नव्हता. अणुबाँबने बेचिराख झालेल्या शहराने पाच वर्षांच्या आत उभा केलेला तो संघ होता.

नाव : कार्प म्हणजे आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. जपानीत त्याला ‘कोई’ म्हणतात. हिरोशिमाच्या किल्ल्याचे जुने टोपणनाव ‘रिजो’, म्हणजे कोईचा किल्ला. शिवाय प्रवाहाविरुद्ध पोहत धबधबा चढणारा मासा म्हणून जपानी लोककल्पनेत त्याला मान आहे. सुरुवातीला नाव ‘कार्प्स’ असे ठरले होते. इंग्रजीत या शब्दाचे अनेकवचनही तेच राहते हे कोणीतरी लक्षात आणून दिले आणि शेवटचा ‘स’ गळाला.

पिंपातला पैसा : संघाचे भांडवल हिरोशिमा प्रांत, शहर आणि आसपासच्या नगरपालिकांकडून यायचे होते. ते वेळेवर आले नाही. पहिल्या हंगामात 41 विजय, 96 पराभव आणि आठ संघांत आठवा क्रमांक. खेळाडूंचे पगार थकले. मार्च 1951 पर्यंत संघ बंद करावा किंवा शिमोनोसेकीच्या तायो व्हेल्समध्ये विलीन करावा, इथवर गोष्टी गेल्या. मुख्य प्रशिक्षक शुइची इशिमोतो मूळचे हिरोशिमाचेच. युद्धापूर्वी त्यांनी ओसाका टायगर्सला विजेतेपद मिळवून दिले होते. आता मात्र सामन्यांइतकाच वेळ ते गावोगाव सभा घेऊन समर्थक मंडळे उभी करण्यात घालवू लागले.

मैदानाच्या दाराशी साकेची (तांदळाच्या मद्याची) लाकडी पिंपे ठेवली गेली आणि येणारे-जाणारे त्यात नाणी, चुरगळलेल्या नोटा टाकू लागले. ‘तारू बोकिन’, म्हणजे पिंपातली वर्गणी, हा शब्द हिरोशिमात आजही शाळकरी पोराला ठाऊक असतो. देणाऱ्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर तेव्हा धड छप्परही नव्हते, हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही.

पुढच्याच वर्षी आणखी एक गंडांतर आले. 1952च्या हंगामात ज्या संघाची विजयाची टक्केवारी तिसाखाली जाईल त्याला लीगमधून काढायचे, असा ठराव झाला. रोख कार्पवर होता हे उघड होते. कार्पने कशीबशी 31.6 टक्के गाठली आणि तिसाखाली घसरला तो शोचिकू रॉबिन्स, 1950चा विजेता! तायोमध्ये विलीन व्हायची पाळी त्याच्यावर आली.

1957 मध्ये स्थानिक उद्योगांच्या देणगीतून शहराचे नवे क्रीडांगण झाले, तेही थेट अणुबाँब घुमटासमोर, म्हणजे स्फोटातून उरलेल्या इमारतीच्या सांगाड्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे. रात्रीच्या सामन्याचे दिवे लागले की त्या सांगाड्याशेजारीच गर्दीचा कल्लोळ उठे. 1968 मध्ये मोटारी बनवणारी तोयो कोग्यो (आजची माझ्दा) मोठी भागधारक झाली आणि नावात ‘टोयो’ आले. तरीही संघ कंपनीचे खाते झाला नाही. आज माझ्दाकडे सुमारे एक तृतीयांश भाग आहे; सूत्रे मात्सुदा कुटुंबाकडे आहेत.

लाल रंग : पहिली पंचवीस वर्षे कार्प बहुधा तळाशीच राहिला. 1975 मध्ये अमेरिकन जो लुट्झ मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी गडद निळ्या टोप्या काढून लाल आणल्या. लढाऊपणाचा रंग हवा, हा त्यांचा हट्ट. खेळाडूंना तो भडक रंग सुरुवातीला लाजिरवाणा वाटला होता. पंचांच्या निर्णयावरून झालेल्या वादानंतर लुट्झ एप्रिलमध्येच, पंधरा सामन्यांनंतर, निघून गेले. टोप्या राहिल्या. ताकेशी कोबा यांच्या हाताखाली त्याच संघाने 15 ऑक्टोबर 1975 रोजी टोकियोत, जायंट्सच्याच मैदानावर, गेल हॉपकिन्सच्या होमरनच्या (क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्याच्या) जोरावर पहिले विजेतेपद नक्की केले.

एकवीस चेंडू : 4 नोव्हेंबर 1979, ओसाका. किंतेत्सू बफेलोजविरुद्ध जपान सिरीजचा सातवा सामना. नवव्या डावात कार्प 4-3 ने पुढे. चेंडू युताका एनात्सू या डावखुऱ्या पिचरच्या (चेंडूफेक्याच्या) हातात. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या तिन्ही टप्प्यांवर, प्रतिस्पर्धी धावपटू आणि एकही बाद नाही. एवढ्यात कार्पच्या बाजूला राखीव पिचर गरम होऊ लागले, आणि आपल्यावर भरवसा नाही म्हणून एनात्सू दुखावले. तेव्हा पहिल्या बेसवरून साचिओ किनुगासा चालत त्यांच्यापाशी गेले आणि तू सोडलंस तर मीही सोडीन, अशा अर्थाचे बोलले.

पहिला फलंदाज बाद झाला. दुसऱ्याच्या वेळी बफेलोजने डाव टाकला : फलंदाजाने चेंडू नुसता हळूच ढकलायचा आणि तिसऱ्या बेसवरच्याने आधीच पळत सुटायचे. एनात्सूंच्या बोटांत कर्व्हची (वळणाऱ्या चेंडूची) पकड होती. ती न बदलता त्यांनी चेंडू बाहेरच्या बाजूला, फलंदाजाच्या आवाक्यापलीकडे टाकला. बॅट हवेत फिरली, धावणारा अर्ध्या वाटेत सापडला. मग तो फलंदाजही बाद; तिघे बाद म्हणजे डाव संपला. त्या डावात एनात्सूंनी टाकलेले चेंडू होते एकवीस, आणि जपानमध्ये नुसते ‘एनात्सूचे एकवीस चेंडू’ म्हटले की पुरते.

किनुगासा हे या संघाचे सर्वांत लाडके नाव. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, आई जपानी. युद्धोत्तर जपानमध्ये हे बालपण सोपे नसणार. 1970 ते 1987 या काळात ते सलग 2,215 सामने खेळले आणि अमेरिकेच्या लू गेरिगचा विक्रम मागे टाकला. त्यांचा 3 क्रमांक, कोजी यामामोतोंचा 8 आणि हिरोकी कुरोदाचा 15 असे तीन क्रमांक संघाने कायमचे निवृत्त केले आहेत.

गरिबी आणि परतणे : महागडे खेळाडू विकत घेणे कार्पला कधीच परवडले नाही. म्हणून ते घरीच घडवायचे, असा शिरस्ता पडला. 1990 मध्ये थेट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अकादमी काढली. पुढे न्यूयॉर्क यांकीजचा तारा झालेला अल्फोन्सो सोरियानो तिथूनच आला. घडवलेले मात्र नाव झाले की जात. 1998 ते 2012 अशी सलग पंधरा वर्षे संघ पहिल्या तिघांत आला नाही. 2007च्या हंगामानंतर पिचर कुरोदा अमेरिकेला गेला आणि फलंदाज ताकाहिरो अराई सेंट्रल लीगमधल्याच हानशिन टायगर्सला. अराईला शिव्याही पडल्या. 2015 मध्ये मात्र कुरोदा कितीतरी मोठ्या रकमेचा अमेरिकन प्रस्ताव सोडून परत आला; त्याच वर्षी अराईही आला. 2016 मध्ये 25 वर्षांनी विजेतेपद मिळाले तेव्हा हे दोघे एकमेकांना मिठी मारून रडत होते. 2023 पासून अराईच मुख्य प्रशिक्षक झाला. जपान सिरीज मात्र 1984 नंतर हाती लागलेली नाही.

मैदान आणि प्रेक्षक : 2009 मध्ये संघ हिरोशिमा स्थानकाजवळच्या, जुन्या मालगाडी यार्डाच्या जागेवरील माझ्दा स्टेडियममध्ये गेला. त्यासाठीही पिंपे पुन्हा बाहेर निघाली होती. गॅलरीची एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवली आहे. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) जाणाऱ्याला खिडकीतून क्षणभर हिरवळ आणि लाल गर्दी दिसते. प्रेक्षकांचे गट आळीपाळीने उठत-बसत ओरडतात, त्यामुळे अख्खी गॅलरी उकळल्यासारखी वाटते. 2014च्या सुमारास तरुण चाहत्या मुलींसाठी ‘कार्प जोशी’ हा शब्द देशभर रूढ झाला.

6 ऑगस्टला, अणुबाँब पडला त्या दिवशी, मात्र शहर शांत असते. 1958 नंतर त्या दिवशी इथे कार्पचा सामना झाला तो थेट 2011 मध्ये. 2015च्या 6 ऑगस्टला संघातल्या प्रत्येकाच्या पाठीवर एकच क्रमांक होता : 86, म्हणजे आठवा महिना, सहावी तारीख.

गजराचे जुने साधन म्हणजे लाकडी भातवाढी. ती जवळच्या मियाजिमा बेटाची खासियत. जपानीत ‘मेशितोरू’ म्हणजे भात वाढून घेणे, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे शत्रूला पकडणे. म्हणून धाव झाली की दोन भातवाढ्या एकमेकींवर खटाखट आपटायच्या.