कॅम्बर (गाडीच्या चाकाचा कल)

गाडी समोरून बघितली तर चाक उभ्या रेषेपासून जेवढं कललेलं दिसतं त्या कोनाला कॅम्बर म्हणतेत. चाकाचं डोकं गाडीकडं, म्हणजे आत झुकलं तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलं तर पॉझिटिव्ह, आणि चाक एकदम उभं असलं तर झिरो. साध्या कारला हा कोन लई छोटा असतो, झिरोपासून साधारण एक अंश निगेटिव्हपर्यंत, त्यामुळं नुसत्या डोळ्याला पटकन दिसत नाही. दिसायला लागला की लोक घाबरतेत, पण प्रत्येक तिरपं चाक बिघडलेलं नसतं, बऱ्याच गाड्यांत ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

मुद्दाम कशाला? गाडी जोरात वळणावर घेतली की बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि बॉडीसोबत बाहेरचं चाकही कलतं, मग टायरचा बाहेरचा काठच रस्त्याला घासतो आणि आतला भाग उचलल्यासारखा होतो, आणि पकड तर नेमकी त्याच चाकावर पाहिजे असते कारण वळताना जास्त वजन तिकडंच येतं. म्हणून ते चाक आधीच थोडं आत कलवून ठेवतेत, म्हणजे वळणात गाडी झुकली की ते रस्त्यावर सपाट बसतं. रेसच्या गाड्यांत हा कल तीन अंशाच्या आसपासही ठेवतेत. आपल्या रोजच्या गाडीला एवढा दिला तर वळणावर मजा येईल पण सरळ रस्त्यावर टायरचा आतला काठ सारखा तापत आणि झिजत राहील, ब्रेक मारताना रस्त्याला टेकणारा भागही कमी पडेल. म्हणून साध्या कारचा कल हा दोन्हीकडून थोडं थोडं सोडून काढलेला मधला आकडा असतो.

लहानपणी जुना टायर काठीनं हाणत गल्लीभर पळवला असेल तर यातली अर्धी गोष्ट तुम्हाला माहितीये. टायर उभा असला तर सरळ जातो, डावीकडं कलला की आपोआप डावीकडं वळतो. गाडीचं चाकही असंच, ज्या बाजूला कललं त्या बाजूला ढकलत राहतं. दोन्ही बाजूंचा कल सारखा असला तर हा जोर एकमेकांत कटतो, पण एका बाजूला फरक पडला की गाडी ज्या चाकाचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला ओढायला लागते.

पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (खाली एक चिमटा म्हणजे चाक धरणारा दांडा, आणि वर शॉकअप-स्प्रिंगचा उभा खांब) असलेल्या गाड्या आपल्याकडं सगळ्यात जास्त, आणि त्यात स्प्रिंग दबताना कॅम्बर फार बदलत नाही, म्हणजे वळणात हवा तेवढा निगेटिव्ह कल मिळत नाही. डबल विशबोनमध्ये चाक वर आणि खाली अशा दोन चिमट्यांनी धरलेलं असतं, त्यात वरचा चिमटा खालच्यापेक्षा आखूड ठेवतेत, त्यामुळं चाक वर उचललं की डोकं आपोआप आत येतं. खर्च आणि जागा दोन्ही जास्त लागतात, म्हणून स्वस्त गाडीत ते मिळत नाही.

उलटा कल बघायचा असला तर शेतात चला. दोन चाकी ड्राइव्हच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं समोरून बघा, वरून बाहेर झुकलेली असतात. त्यानं टायर जिथं जमिनीला टेकतो ती जागा स्टेअरिंग फिरवल्यावर चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या रेषेजवळ येते आणि स्टेअरिंग हलकं पडतं. समृद्धी महामार्गाचं काम चालू असताना जालना, छत्रपती संभाजीनगर भागात ज्यांनी ग्रेडर (लांब पात्यानं माती सपाट करणारं मशीन) बघितला असेल त्यांना आठवेल, त्याची पुढची चाकं ड्रायव्हर चालता चालता कलवतो, कारण तिरप्या पात्यावर मातीचा बाजूनं दाब येतो आणि मशीनचं तोंड सरकू द्यायचं नसतं. तिथं कॅम्बर हा सेटिंगचा विषय राहत नाही, हातातला लिव्हर होतो.

आता बिघाडाचा कल. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी रस्त्याखाली काळी माती, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटा घेतं नाहीतर खचतं. असा एखादा खड्डा जोरात बसला तर शॉकअप किंवा नकल (चाक ज्याला बसवलेलं असतं तो भाग) वाकू शकतं, चिमट्याचं बुश म्हणजे सांध्यातलं रबर फाटतं, बॉल जॉइंट (चिमटा आणि नकल जोडणारा गोल सांधा) ढिला होतो. टायरचा फक्त आतला काठ झिजला असेल तर कॅम्बर जास्त निगेटिव्ह, फक्त बाहेरचा झिजला तर पॉझिटिव्ह असा पहिला अंदाज. पण लगेच कॅम्बरला दोष देऊ नका, टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडला तरी काठ खातो आणि जास्त लवकर खातो, फक्त त्यात टायरवरून हात फिरवला तर करवतीसारखं खरखरीत लागतं. आणि गाडी डावीकडं ओढत असली तर आधी रस्ता बघा, पाणी वाहून जायला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतेत, त्या उतारालाही कॅम्बरच म्हणतेत, डांबरी रस्त्याला तो साधारण 2 ते 2.5 टक्के असतो.

अलाइनमेंट (चाकांचे कोन तपासून जुळवणं) करून घेताना एक विचाराच, कॅम्बर अॅडजस्ट होतो का? बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त टो फिरवता येतो, पुढचा कॅम्बर बोल्टच्या ढिलाईएवढाच हलतो, आणि मागं बीम अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असला तर काहीच नाही. पार्ट वाकलेला असताना नुसता टो सेट करून दिला तर महिन्याभरात परत तीच झीज दिसते आणि पैसे दोनदा जातात.

घरी बघायचं असलं तर गवंड्याचा ओळंबा पुरे. तो रिमच्या समोर बाहेरून लटकवा, खाली टायर फुगलेला असतो त्याला दोरा लागू देऊ नका, आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या काठाचं आणि खालच्या काठाचं अंतर मोजा. 14 इंची रिमला दोन्हीत 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. अंगणातल्या फरशीला उतार असतो, म्हणून त्याच जागी गाडी उलट्या तोंडानं लावून परत मोजायचं आणि दोन्हीची सरासरी घ्यायची.