तो चष्मा लाल-हिरवा नव्हता

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेला 30 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या मदतनिधीसाठी ‘डायमेन्शन्स इन टाइम’ हा छोटा, हलकाफुलका विशेष भाग 26 आणि 27 नोव्हेंबर 1993 रोजी दोन तुकड्यांत दाखवला गेला. तो लाल-हिरव्या चष्म्याचा त्रिमितीय प्रयोग होता आणि चष्म्याविना चित्र दुहेरी, फिसकटलेले दिसे, असे अनेक जण आजही सांगतात. हे खरे नाही.

त्या चष्म्याची एक काच गडद, तर दुसरी स्वच्छ होती. गडद काचेमागच्या डोळ्याकडून येणारा संदेश मेंदूपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. त्यामुळे आडवी सरकणारी वस्तू त्या डोळ्याला क्षणभर आधीच्या जागी दिसते आणि दोन डोळ्यांना दिसणाऱ्या जागांमधील या फरकाचा अर्थ मेंदू खोली असा लावतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फरिश यांनी 1922 मध्ये या परिणामाचे स्पष्टीकरण मांडले. त्यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी गेलेली असल्याने त्यांना मात्र तो कधीच अनुभवता आला नाही, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

स्थिर चित्रात हा परिणाम उमटतच नाही. या भागात कॅमेरा सतत पात्रांभोवती फिरतो तो त्यासाठीच, त्यामुळे त्याला दिग्दर्शनातला गोंधळ म्हणणे अन्यायाचे आहे. पडद्यावर प्रतिमा एकच असल्याने चष्मा नसलेल्या प्रेक्षकांना नेहमीसारखेच स्वच्छ, रंगीत चित्र दिसत होते.