सातशे टिचक्यांची जन्मतारीख

आमच्या शेजारच्या काकू विड्या वळतात. सोलापूरच्या पूर्व भागात त्यात नवल काही नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या फोन घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. कसल्याशा योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. "घेईना की रे हे," म्हणाल्या, "मला कुठं येतंय यातलं!"

फॉर्म जन्मतारखेपाशी अडला होता. कॅलेंडर उघडलेलं, आणि मागं जायला तिळाएवढा एक बाण. एक टिचकी मारली की एक महिना मागं. काकूंचा जन्म 1964चा. साठ वर्षं गुणिले बारा, म्हणजे सातशेवर टिचक्या. काकू नेटानं 2019पर्यंत पोचल्या होत्या. वरच्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते हे मला ठाऊक होतं, पण ते सुचवणारी एकही खूण पडद्यावर नव्हती. तारीख, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने दिले असते तर काकूंनी ते क्षणात भरले असते. रोज हजार विड्यांचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईला आकड्यांची कसली भीती?

"मला येत नाही" हे वाक्य जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 जातीची विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि उतरल्यावर पोटावर बसायची. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या झडपा, मिटायचे असत, तो चुकून चाकंच आत घ्यायचा. अहवालात शेरा एकच, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं वैमानिकाऐवजी खटके पाहिले. दोन्ही शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला सारखेच. त्यानं चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. आता न बघताही हाताला फरक कळू लागला. विमानात चाकांचा खटका आजही चाकाच्याच आकाराचा असतो. पुढे 1947मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा 460 चुका गोळा करून तपासल्या. त्यातही बऱ्याच चुकांचं मूळ माणसापेक्षा खटक्यांच्या मांडणीत निघालं.

काकूंच्या फॉर्मच्या तळाशी हेच घडलं. 'जतन करा' आणि 'रद्द करा' ही दोन बटणं एकाच निळ्या रंगात, एकाच मापाची, मध्ये केसाएवढी फट. काकूंचं बोट 'रद्द'वर पडलं. खात्री करून घेणारा एक प्रश्नसुद्धा न येता सगळं पुसलं गेलं. मी शिवी दिली, काकूंनी फोनची माफी मागितली.

याच फिट्सनं 1954मध्ये एक नियम मांडला: निशाण जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला तिथं पोचायला वेळ लागतो. त्यातली गंमत अशी, की बारीक बटण जरासं मोठं केलं तरी खूप फरक पडतो. आधीच ऐसपैस असलेलं आणखी फुगवून फारसा पडत नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत बोटासाठी साधारण 9 मिलिमीटर जागा सोडा म्हणतात. कॅलेंडरातला तो तिळाएवढा बाण 3 मिलिमीटरसुद्धा नसेल.

दुसऱ्या प्रयत्नात अक्षरंच दिसेनात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या पडद्यावर देखणी दिसत असतील. पण उन्हाचा उजेड काचेवरून परततो तो अक्षरावर आणि पार्श्वभूमीवर सारखाच चढतो. दोन्हीत सारखीच भर पडली की त्यांच्या उजेडाचं गुणोत्तर घसरतं. काळ्या-पांढऱ्याचं गुणोत्तर 21 ला 1 असतं. वेबसाठीचे जागतिक निकष साध्या मजकुराला किमान 4.5 ला 1 मागतात. सोलापूरच्या मे महिन्यात तेवढंही पुरेल असं मला वाटत नाही. आम्ही आत गेलो.

मग ओटीपी. आकडे मेसेजमध्ये, रकाना दुसरीकडे. काकू "मूडु, नालुगु" असं तेलुगूत पुटपुटत परत फॉर्मकडे आल्या. माणसाला एका वेळी चारेक सुटे तुकडेच नीट धरता येतात. सहा आकडे तोंडानं घोळवत ठेवले तरच टिकतात, आणि घोळवायला मायबोलीच बरी. तेवढ्यात वेळ संपली.

काकूंचे यजमान अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरीच्या मागावर होते. तिथं बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. दोष लगेच कळतो, जिथं झाला तिथंच दिसतो, आणि तोवर विणलेलं कापड शाबूत राहतं. आमच्या फॉर्मनं शेवटपर्यंत सगळं विणू दिलं, मग वर तांबड्या अक्षरांत 'अवैध इनपुट' एवढंच म्हटलं. कुठल्या रकान्यात, ते शोधा. आडनावापुढची एक मोकळी जागा निघाली.

असले दोष आधी कळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी 1993मध्ये दाखवलं, की पाचेक माणसांना शेजारी बसवून काम करू दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. अट एवढीच, की त्यांना मदत करायची नाही, गप्प बघायचं. मला हे अजून जमत नाही. मी काकूंच्या हातून फोन घेतलाच.

फॉर्म गेला, पण ओळख पटवायला केंद्रावर अंगठा लावायचा होता. तो लागेना. वर्षानुवर्षं विडीचं पान दुमडून बोटांच्या रेषाच झिजलेल्या, यंत्रानं वाचायचं काय? तिथला मुलगा समजूतदार होता, एकेक बोट लावून बघत गेला. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली.

"तिला वळताना काम कुठं असतंय," काकू म्हणाल्या.